उतरती लय : निवृत्तीनंतरच्या अस्वस्थतेचे एक प्रकरण

पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राच्या दाबाने सुटे भाग घडवणाऱ्या विभागात, गुणवत्ता तपासनीस म्हणून ३१ वर्षे काम करून ५८व्या वर्षी निवृत्त झालेले एक गृहस्थ निवृत्तीनंतरच्या सातव्या महिन्यात माझ्याकडे ध्यान शिकायला आले. मी योगशिक्षिका आहे, वैद्य नव्हे, आणि हे टिपण त्याच मर्यादेत वाचावे. ते मी त्यांच्या संमतीने लिहीत असून ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. प्रकरण नोंदवावेसे वाटले याचे कारण असे की त्यात माझी सुरुवातच चुकली होती, आणि ती चूक मला त्यांच्या बोलण्यातून नव्हे तर त्यांच्या गुडघ्याकडे पाहताना कळली.

तक्रार झोपेची होती. रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकली तरी दोन वाजेपर्यंत डोळा लागत नसे आणि लागलाच तर पहाटे चारला जाग येई. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब, साखर आणि थायरॉईड तपासून काही आढळत नसल्याचे सांगितले होते. त्यांनीच पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, तिथे कमी मात्रेचे एक औषध सुरू झाले आणि औषधासोबत मन शांत करणारे काही शिकून घ्या असा सल्लाही मिळाला. औषधाला त्यांनी किंवा मी परस्पर हात लावायचा नाही हे पहिल्याच भेटीत ठरले. मनात काय चालते असे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते असे, की फलटणजवळच्या गावी भावाशी जमिनीच्या वाटणीवरून झालेले एक भांडण, जे होऊनही चार वर्षे उलटली आहेत, रोज रात्री पहिल्या वाक्यापासून सुरू होते. भाऊ बोलतो, हे उत्तर देतात. मग त्याहून चांगले उत्तर सुचते, म्हणून संवाद पुन्हा पहिल्यापासून. “मॅडम, डोळे मिटले की पट्टा चालू होतो, आणि बंद करायचं बटण काही सापडत नाही,” हे त्यांचे शब्द. दिवसा हा त्रास कमी असे, कारण दिवसा ते काही ना काही दुरुस्त करीत असत. घरातला एकही नळ आता गळत नव्हता, असे त्यांच्या पत्नी काहीशा वैतागाने म्हणाल्या.

मी त्यांना नेहमीचा मार्ग दिला. पाठ ताठ ठेवून बसायचे, डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तेवढे पाहायचे, विचार आला की रागावायचे नाही, पुन्हा श्वासाकडे यायचे. सुरुवातीला दहा मिनिटे. तीन आठवड्यांनंतर परिस्थिती सुधारली तर नाहीच, उलट बिघडली. डोळे मिटल्यावर छातीत धडधड होऊ लागली, हातांना घाम येऊ लागला, आणि झोपण्यापूर्वी हा अभ्यास केलेल्या रात्री ते तीनपर्यंत जागे राहू लागले. अभ्यासात सातत्य नाही असे मी मनाशी म्हटले, थोडेफार त्यांनाही सुचवले. शिक्षकाच्या हाताशी हे उत्तर नेहमीच तयार असते आणि ते फारसे कधी तपासले जात नाही. शिथिलीकरण शिकवताना काही माणसांची चिंता उलट वाढते ही गोष्ट नवी नाही. हाइड आणि बॉर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला होता आणि मी ते वाचलेलेही होते. वाचलेले समोरच्या माणसाला लावून पाहायला मात्र तीन आठवडे लागले.

चौथ्या आठवड्यात एके दिवशी मी डोळे न मिटता त्यांच्यासमोर बसून राहिले. पाठ ताठ, चेहरा शांत, हात मांडीवर. परंतु बसणे खुर्चीत होते आणि उजवी टाच उचललेली होती, आणि त्या टाचेवर गुडघा एकसारखा खालीवर होत होता. हे मी पूर्वीही पाहिले होते आणि “पाय हलवू नका” असे सांगून ते थांबवलेही होते. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तविक्षेपाच्या, म्हणजे मन विखुरण्याच्या, सोबत येणाऱ्या गोष्टी सांगताना दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता) आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास यांच्या बरोबरीने अंगमेजयत्व, म्हणजे अंगाचा कंप, सांगितला आहे. तेव्हा पाय हलणे हे विक्षेपाचे लक्षण आणि ते थांबवणे हा उपाय, असा माझा सरळ हिशेब होता. त्या दिवशी मात्र सहज मोजले तर गुडघा मिनिटाला चाळीसेक वेळा, अगदी नियमित, हलत होता. नुसत्या अस्वस्थतेने पाय इतका तालात हलत नसावा, असे मला वाटले. सत्र संपल्यावर प्रेस शॉपमध्ये किती आवाज असे, हे मी विचारले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या लाइनवरचा मोठा प्रेस मिनिटाला साधारण चाळीस ठोके देत असे, आणि ठोक्यात किंचित जरी फरक पडला तरी तो कागदावर दिसण्याआधी त्यांना तळपायांतून, जमिनीच्या हादऱ्यातून, कळत असे. जुळणी योगायोगाने झाली असेल, मी त्यावर सिद्धांत उभारणार नाही. पण एवढे स्पष्ट झाले, की या माणसाचे मन ३१ वर्षे दररोज आठ तास बाहेरच्या एका लयीला टेकून राहिले होते, आणि निवृत्तीने तो टेकू काढून घेतला होता. मी त्यांना शांत खोलीत बसवून उरलेला आधारही काढून घेत होते.

म्हणून आधी चालणे दिले. बौद्ध परंपरेत चंक्रमण, म्हणजे सजगपणे येरझारा घालणे, ही बसण्याइतकीच मान्यता असलेली साधना आहे. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेकडील भिंतीलगत बुद्धाच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवली जाते, आणि अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात चंक्रमणाचे जे पाच लाभ सांगितले आहेत त्यांतला शेवटचा असा आहे, की चालताना साधलेली समाधी अधिक काळ टिकते. उपाय योग्य होता, जागा चुकली. सोसायटीच्या आवारात ते फेऱ्या मारू लागले तर दर फेरीला कोणीतरी हटकत असे, आणि कोणी भेटले नाही तर भाऊ भेटत असे. साध्या चालण्यात एक अडचण असते: ते आपल्याला इतके येते की पायांना मनाची गरजच उरत नाही. पाय फेऱ्या मारतात आणि मन आपले दळण दळत राहते. फार सावकाश, पाऊल उचलणे, नेणे, टेकणे असे भाग पाडून चालले तर हे टळते, पण तसे चालायला त्यांना संकोच वाटे. “लोकांना वाटेल पाय मुरगळला,” असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते.

पावलीची, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावले टाकण्याच्या वारकरी नृत्याची, गोष्ट बोलता बोलता निघाली. लहानपणी गावच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होई आणि मुले मोठ्यांच्या रांगेच्या टोकाला उभी राहून टाळ घेऊन पावली खेळत. नोकरीसाठी शहरात आल्यावर ते सुटले. मला वारकरी परंपरेचा अनुभव पुण्यातून पालखी जाताना रस्त्याच्या कडेला उभे राहण्यापुरताच होता. तेव्हा या टप्प्यावर शिकवणारे ते आणि शिकणारी मी अशी उलटापालट झाली, आणि ती उपयोगी पडली असे मला आजही वाटते. त्यांनी दाखवलेली सर्वांत साधी पावली अशी: उजवे पाऊल पुढे, डावे त्याच्या जोडीला, मग डावे मागे आणि उजवे त्याच्या जोडीला, चार मात्रांत पुढे, चार मात्रांत मागे, म्हणजे भजनी ठेक्याचे आठ मात्रांचे एक आवर्तन पुरे. पाऊल टेकताना गुडघा किंचित वाकतो, टाळ मात्रेवर पडतो, तोंडाने ‘जय जय राम कृष्ण हरी’ चालू असते. पाय, हात आणि वाणी या तिन्हींना एकाच समेवर यायचे असते. हे साध्या चालण्यापेक्षा अवघड आहे, पण इतके अवघड नाही की माणूस गांगरून जाईल. भावाच्या बोलण्याला उत्तर शोधायला गेले की पाऊल चुकते, आणि चुकलेले पाऊल टाळ लगेच चव्हाट्यावर आणतो. श्वास पाहताना मन भटकले हे त्यांना पाच-पाच मिनिटांनी कळत असे. इथे ते एका मात्रेत कळू लागले.

आम्ही इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी साडेसातची वेळ ठरवली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी टाळांच्या कडांना हातरुमालाच्या चिंध्या बांधल्या होत्या; त्यामुळे टाळाचा खणखणाट जाऊन एक बसका, कोरडा ठोका उरला होता. लयीसाठी सुरुवातीला मी फोनवरचा मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारे साधन) लावला, पण चार दिवसांत त्यांनी तो बंद करायला सांगितला. त्यांच्या मते यंत्राची लय पकडायची असते आणि टाळाची लय सांभाळायची असते. प्रेसजवळ आयुष्य काढलेल्या माणसाने हा फरक करावा याचे मला नवल वाटले.

पहिले दोन आठवडे लय चढवत नेण्याचे होते. भजनात, हरिपाठात हेच होते. ठाय (संथ) लयीत सुरुवात, मग हळूहळू वेग, शेवटी गजर, आणि शिगेला पोहोचल्यावर पुंडलिक वरदेचा घोष. त्या दहा-बारा मिनिटांत विचारांचा पट्टा बंद पडे हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, आणि मी हुरळून गेले. पण वहीतली झोपेची वेळ हलेना. ही वही त्यांचीच कल्पना. कारखान्यात ठेवत तशी रकाने आखलेली, तारीख, सुरू करण्याची वेळ, संपण्याची वेळ, झोप लागण्याची अंदाजे वेळ आणि शेरा. शेऱ्यात दिवसेंदिवस एकच नोंद होती: ‘अंग गरम, मन टवटवीत, झोप नाही.’ गजराच्या टोकाला थांबून ते लगेच खाली घरी येत होते. वेगाने मनाला कामाला लावले होते खरे, पण ते काम एकदम काढून घेतल्यावर तापलेले शरीर आणि मोकळे झालेले मन असे दोन्ही हाती उरत होते. आणि मोकळे मन कुठे जाते हे आम्हाला ठाऊक होते.

इथे मला बंगळुरूच्या विवेकानंद योग संस्थेत डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी विकसित केलेल्या आवर्तन ध्यानाची आठवण झाली. त्यात उभ्या आणि बैठ्या आसनांची सावकाश हालचाल आणि मध्ये मध्ये शवासन असा क्रम असतो, आणि त्याचा आधार मांडूक्यकारिका या वेदान्त ग्रंथातील ‘लये सम्बोधयेच्चित्तं विक्षिप्तं शमयेत्पुनः’ हे वचन आहे: चित्त लयात बुडू लागले तर त्याला जागे करावे, विखुरले तर पुन्हा शांत करावे. (या वचनातला ‘लय’ म्हणजे संगीतातली लय नव्हे, सुस्तीत विरून जाणे, मी वर्गात दोनदा हा घोळ केलेला आहे.) चेतवणे आणि शमवणे ही दोन कामे आहेत आणि आम्ही त्यांतले एकच करत होतो. तेव्हा क्रम बदलला. मिनिटाला ६० मात्रांवर सुरुवात, पाच-सहा मिनिटांत ९० पर्यंत चढ, त्यापुढे नाही. आणि चढायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ उतरायला. उतरणे इतके सावकाश, की लय कधी कमी झाली हे करणाऱ्यालाही सांगता येऊ नये.

या उतरत्या लयीत एक साधे गणित दडलेले आहे, जे आम्हाला करून पाहिल्यावरच कळले. लय मिनिटाला ४८ मात्रांवर आली की आठ मात्रांचे एक आवर्तन बरोबर १० सेकंदांचे होते. नाम पहिल्या पाच-साडेपाच मात्रांत म्हणून उरलेल्या मात्रांत श्वास घेतला, तर मिनिटाला सहा श्वास होतात, त्यांतही उच्छ्वास लांब आणि श्वास आखूड. सहा हा आकडा मला ओळखीचा होता. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी व्यक्तींवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि रक्तदाबातील बदलांना हृदयाचा मिळणारा प्रतिसाद अधिक तीव्र होतो, असे त्यांना आढळले होते. भजनात एकाने म्हणायचे आणि इतरांनी उचलायचे ही जी रीत आहे, तिच्यातही श्वासाची अशीच सक्तीची विश्रांती असते. याच गृहस्थांना तीन आठवडे श्वासाकडे लक्ष द्या असे सांगून घाम फुटला होता. आता श्वास कोणी न सांगता मंदावत होता, कारण त्यांचे लक्ष पावलावर होते.

नव्या क्रमातल्या एका संध्याकाळचे टिपण माझ्याकडे आहे. पाऊस नुकताच थांबलेला, पाण्याच्या टाकीतून ठिबकण्याचा आवाज, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. लय इतकी उतरली होती की पुढे गेलेले पाऊल क्षणभर हवेत विचार करते आहे असे वाटावे. टाळ आधी वाजायचे थांबले. मग ओठ हलत राहिले पण आवाज गेला. मग पुढे-मागे जाणे थांबून शरीराचा भार तेवढा एका पायावरून दुसऱ्यावर जात राहिला. आणि मग तेही थांबले. थांबण्याची वेळ त्यांनी ठरवलेली नव्हती, मीही खूण केली नव्हती. ते दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवून उभे राहिले, डोळे अर्धवट उघडे. चार मिनिटांनी भिंतीला पाठ लावून बसले, डोळे आपोआप मिटले, आणि उजवी टाच जमिनीवरच राहिली. त्या दिवशी ते सात मिनिटे बसले. खाली जाताना जिन्यात म्हणाले, “भाऊ आला होता मध्ये. पण आला आणि गेला.” वहीत त्या रात्री झोपेची वेळ साडेबारा आहे.

यापुढे आलेख सरळ चढला असे नाही. पावलीच्या पाचव्या आठवड्यात गुडघा दुखू लागला, कारण आम्ही दोघेही सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी नाचणाऱ्या साठीच्या माणसाचा गुडघा हा विषयच विसरलो होतो; पाच दिवस विश्रांती, मग जाड सतरंजी आणि गुडघा वाकवणे कमी. त्यानंतर मुलाने वाढदिवसाला मनगटावरचे घड्याळ दिले, जे पावले, ठोके आणि झोप मोजते. हाडाच्या गुणवत्ता तपासनिसाच्या हाती हे पडल्यावर जे व्हायचे ते झाले. झोपेला किती गुण मिळाले हे पाहण्यासाठी ते पहाटे उठू लागले, आणि पावली चालू असताना नजर मनगटाकडे जाऊ लागली. दहा दिवसांत वही पुन्हा दीडवर आली. घड्याळ पत्नीच्या कपाटात गेले. मी सांगितले म्हणून नव्हे, पत्नीने उचलून ठेवले म्हणून.

नवव्या आठवड्यात ते जवळच्या एका भजनी मंडळात गुरुवारी जाऊ लागले. मला याची धास्ती होती, कारण तिथे लय गजरावरच संपणार होती. तसेच झाले, गुरुवारची झोप बराच काळ इतर दिवसांपेक्षा उशिरा येत राहिली. पण शुक्रवारी दिवसभर मन हलके असते, तेव्हा गुरुवार सोडणार नाही, असे त्यांनी मला ठामपणे सांगितले. एकट्याने गच्चीवर लय स्वतः धरावी लागते, मंडळात ती वीस जणांनी धरलेली असते आणि आपण त्यात नुसते उभे राहिलो तरी चालते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मी खोडला नाही. मंडळातून परतल्यावर मात्र दहा मिनिटे गच्चीवर उतरती लय करून मगच घरात जायचे, एवढी तडजोड झाली.

चौदा आठवड्यांच्या शेवटी झोप लागण्याची वेळ बहुतेक दिवस साडेअकरा ते बाराच्या दरम्यान आली होती. याचे श्रेय पावलीला किती द्यावे हा प्रश्न उरतोच. औषध चालू होते. त्याच काळात त्यांना बोलायला माणसे मिळाली. संध्याकाळी मोबाईल बाजूला पडला. आणि निवृत्तीचा धक्का काळानेही थोडा ओसरतो. एका माणसाच्या वहीवरून यांतले काही वेगळे काढता येत नाही. दोन गोष्टी मात्र वहीतच एकमेकींच्या शेजारी आहेत: चढत्या लयीवर थांबलेले दोन आठवडे आणि उतरत्या लयीचे त्यानंतरचे दोन आठवडे. औषध तेच, गच्ची तीच, टाळ तेच. पहिल्या दोनांत झोपेची वेळ पंधरा मिनिटेही हलली नाही आणि नंतरच्या दोनांत ती तासाभराने अलीकडे आली. सर्वांना आधी हालचाल आणि मग आसन असा नियम मी यावरून करणार नाही. माझ्या वर्गातल्या काहींना बसताक्षणी शांत वाटते आणि त्यांना टाळ दिले तर ते बिथरतील.

आज या गोष्टीला वर्ष होत आले आहे. औषधाची मात्रा मानसोपचारतज्ज्ञांनी दोनदा कमी केली आहे, बंद केलेली नाही. जमिनीची वाटणी झालेली नाही आणि भाऊ अजून अधूनमधून रात्री येतो. आळंदीहून पालखीबरोबर पुण्यापर्यंत चालण्याचा त्यांचा बेत होता, तो गुडघ्यामुळे राहिला. गुडघा जास्त दुखतो त्या दिवशी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसतात, पाय हलवत नाहीत, चिंध्या बांधलेले टाळ तेवढे ६० वरून हळूहळू खाली आणतात. पाय नसताना नुसत्या हातांनी तेच होते का, हे पाहण्यासाठी वहीत त्यांनी एक वेगळा रकाना आखला आहे. त्यात आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत.